बंद नाही, नुसतं मंद: महाराष्ट्रातल्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

इंटरनेट बंद केलं की गवगवा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्याच्या काही भागांत नेट बंद झालं, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या, लोकांनी सरकारला बोल लावले. निदान कोणी बंद केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे पत्र त्या बंदबद्दल नाही. नेट चालू ठेवायचं, पण सरकारी आदेशाने त्याचा वेग इतका खाली आणायचा की त्यावरून धड काही जाऊ नये आणि येऊ नये, या प्रकाराबद्दल आहे. आपल्या देशात हा प्रयोग एका अख्ख्या प्रदेशावर वर्षभराहून जास्त काळ झालेला आहे, आणि तो पुन्हा कुठेही करायला आजही कोणाची आडकाठी नाही.

मी जम्मू-काश्मीरबद्दल बोलते आहे. तारखा तुम्हाला माहीत असतील, तरी एकदा ओळीने ठेवते, कारण त्या सुट्या सुट्या आठवल्या की प्रकरण लहान वाटतं. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीपासून तिथे फोन, मोबाइल, नेट सगळं थांबलं. पोस्टपेड मोबाइलवर बोलता यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. १० जानेवारी २०२० ला, या बंदीला आव्हान देणाऱ्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यानंतर जानेवारीअखेर मोबाइलवर नेट आलं ते टूजी, म्हणजे जुन्या पिढीच्या अगदी मंद वेगाने, आणि तेही सरकारने मंजूर केलेल्या ३०१ संकेतस्थळांपुरतं. समाजमाध्यमं त्या यादीत नव्हती. व्हीपीएन (बंदी चुकवून आडवाटेने नेटवर नेणारं साधन) लावून तिथे पोचणाऱ्यांवर फेब्रुवारीत यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. ४ मार्चला यादी उठली, टूजी तेवढं राहिलं. ऑगस्टमध्ये गांदरबल आणि उधमपूर या दोन जिल्ह्यांना चाचणी म्हणून फोरजी मिळालं. बाकीच्या अठरा जिल्ह्यांनी ५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाट पाहिली.

पहिल्या सहा महिन्यांच्या बंदबद्दल देशात आणि देशाबाहेर पुष्कळ लिहिलं गेलं. नंतरच्या वर्षभराबद्दल फारसं नाही. 'नेट सुरू झालं' अशी बातमी एकदा लागली की विषय मिटतो.

मी तेव्हा पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. श्रीनगरचा एक छायाचित्रकार आम्हाला अधूनमधून फोटो पाठवायचा. पूर्वी त्याचे फोटो पाच-सहा एमबीचे यायचे. चार कॉलमी लावला तरी माणसाच्या कपाळावरची आठी दिसायची. २०२० च्या उन्हाळ्यात ते जेमतेम सहाशे पिक्सेल रुंदीचे येऊ लागले. छपाईला इंचामागे दोनशे पिक्सेल धरले तर असा फोटो तीन इंचांत संपतो, त्याहून मोठा केला की फुटतो. पान लावणारा मुलगा तो स्क्रीनवर ताणून दाखवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, हा फुटतोय, दुसरा बघा ना." दुसरा असायचा एजन्सीचा, दिल्लीतल्या पत्रकार परिषदेचा, लख्ख. डाक आवृत्तीचं पान सोडायची वेळ होत आलेली असायची. मग तोच लागायचा. श्रीनगरच्या फोटोला आतल्या पानावर एका कॉलमात जागा मिळाली तर मिळाली.

हा फोटो घेऊ नका, असं सांगायला कोणाचा फोन आला नव्हता. मजकुरावर कोणी काट मारली नव्हती. उद्या एखाद्या न्यायालयाने विचारलं असतं की तुमच्यावर दडपण होतं का, तर आम्हाला खरं उत्तर 'नाही' असंच द्यावं लागलं असतं. तरी काश्मीरचा जो चेहरा पुण्याच्या वाचकाला दिसायला हवा होता तो दिसला नाही. २०१९ मध्ये निदान पेनड्राइव्ह विमानाने दिल्लीला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायची सोय होती, आणि तिथल्या पत्रकारांनी ती वापरली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, विमानं थांबली. राहिलं ते टूजी.

आता थोडा हिशेब. कागदावर टूजीचा वेग काहीही लिहिलेला असो, गर्दीच्या टॉवरखाली हातात येतो तो फार वेगळा असतो. सोयीसाठी ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट धरू (आठ बिटांचा एक बाइट). मार्च २०२० मध्ये, करोना दाराशी आलेला असताना, श्रीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका शल्यचिकित्सकांनी समाजमाध्यमावर लिहिलं होतं की इंग्लंडच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागासाठी सुचवलेल्या सूचना उतरवून घ्यायचा प्रयत्न चालला आहे, २४ एमबी आहेत, तास झाला, अजून जमलेलं नाही. ६४ केबीपीएसने २४ एमबीला पन्नास मिनिटं लागतात, तीही मध्ये एकदासुद्धा जोडणी तुटली नाही तर. म्हणजे डॉक्टर काही वाढवून सांगत नव्हते. साध्या फोनवर काढलेल्या मिनिटभराच्या चांगल्या व्हिडिओला ६० एमबी धरले तर तो दोन तासांहून जास्त खाईल. आणि तो वर चढवायचा असेल तर आणखी, कारण पाठवायचा वेग घ्यायच्या वेगाहून कमीच असतो. त्या वर्षी आपल्या सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे किमान ५१२ केबीपीएस होतं. २०२३ मध्ये ती मर्यादा २ एमबीपीएसवर नेली गेली. सरकारने जे नेट नेट म्हणून चालू ठेवलं होतं, ते त्याच्याच व्याख्येच्या आठव्या हिश्शाला कसंबसं पोचत होतं.

घरोघर तारेचं ब्रॉडबँड होतं, असं उत्तर तेव्हा दिलं गेलं. होतं, काहींकडे. बहुतेकांचं नेट मोबाइलवरच होतं, इथल्यासारखंच. तारेच्या जोडणीलाही एकेका यंत्राची नोंद करून ती बांधून घ्यायची अट होती.

पुण्यात शिकणारी काश्मिरी मुलं थोडीथोडकी नाहीत; 'सरहद'सारख्या संस्थेमुळे हे नातं जुनं आहे. त्या वर्षी घरी गेलेल्या मुलांना इथले ऑनलाइन तास कसे बसायला मिळाले असतील, हे ज्यांनी तसे तास घेतले त्यांनाच विचारा. आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा, आणि शिक्षकाला वाटायचं पोराचं लक्ष नाही. जम्मू-काश्मीरमधल्या खासगी शाळांची संघटना उगाच सर्वोच्च न्यायालयात गेली नव्हती.

आणि हे सगळं चाललेलं असताना प्रशासनाच्या आदेशांत काय लिहिलेलं असे? की या वेगामुळे करोनाच्या उपाययोजनांना, ऑनलाइन शिक्षणाला किंवा व्यवसायाला अडथळा आलेला नाही. मुदत संपली की नवा आदेश निघे आणि तेच वाक्य पुन्हा येई.

सुरक्षेचं कारण मी झटकून टाकत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्या दोन घरांसमोर उभं राहून 'वेगाचा आणि दहशतवादाचा काही संबंध नाही' असं सरसकट बोलायची माझी हिंमत होणार नाही. पण वेग कमी केल्याने नेमकं काय अडतं, हे तर बघायला हवं. सरकारचं म्हणणं असं की भडकाऊ व्हिडिओ आणि अफवा पसरू नयेत. व्हिडिओ अडतो, हे खरं. अफवा? 'अमुक गावात गोळीबार, पाच ठार' एवढा मजकूर दोन केबीचासुद्धा नसतो. ६४ केबीपीएसवर तो पाव सेकंदात जातो. गोळीबार झालाच नाही, हे दाखवणारा त्या गावच्या चौकातला व्हिडिओ मात्र दोन तास चढत राहतो. झाला असेल, तर ते सिद्ध करणाराही. मंद नेट म्हणजे अशी चाळणी की जिच्यातून अफवा खाली पडते आणि पुरावा वर अडकतो. ज्यांना खरं-खोटं करायचं असतं त्यांचाच वेळ हा निर्बंध खातो. पत्रकार, वकील, डॉक्टर, आणि हो, चांगला पोलीस अधिकारीसुद्धा. उपराज्यपाल गिरीशचंद्र मुर्मू यांनीच जुलै २०२० मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की फोरजी दिल्याने अडचण होईल असं आपल्याला वाटत नाही. पुढच्या महिन्यात त्या पदावर मनोज सिन्हा आले आणि फोरजी यायला आणखी सहा महिने गेले.

आता कायद्याकडे येते. इथे मराठी माणसाला थोडा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे.

१९५६ मध्ये तुमच्याच सभागृहांनी वर्तमानपत्रांची किंमत आणि पानं यांचा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला: अमुक किमतीला अमुक इतकीच पानं. 'सकाळ' तेव्हा सात नये पैशांना मिळे. त्या किमतीत आधीइतकीच पानं द्यायची तर आदेशाचा भंग. पानं राखायची तर किंमत वाढवा, किंमत राखायची तर पानं कापा. सरकारचा हेतू वाईट नव्हता, मोठ्या पत्रांच्या रेट्यात छोटी पत्रं मरू नयेत, असं ते सांगत होतं. एका शब्दावरही बंदी नव्हती. नानासाहेब परुळेकरांचं हे पत्र तरी सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच्याबरोबर दोन वाचकही आपापल्या अर्जांनी गेले. (त्या दोन वाचकांबद्दल मला फार कुतूहल आहे. पान कमी झालं तर माझा हक्क जातो, असं म्हणून दिल्ली गाठणारे वाचक आज कुठे मिळतील?) २५ सप्टेंबर १९६१ ला न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांनी निकाल लिहिला आणि तो कायदा, तो आदेश, दोन्ही गेले. निकालाचा गाभा असा, की अभिव्यक्तीचा हक्क काय छापायचं एवढ्यापुरता नसतो, ते किती जणांपर्यंत पोचवायचं हेही त्यात येतं. खप कमी होईल असं काही सरकारने केलं तर तो अभिव्यक्तीवरचा घाला ठरतो, मजकुराला हात लावलेला नसला तरी.

वेग कापणं हे तंतोतंत तेच आहे. मजकुराला हात लावायचा नाही, तो पोचण्याची वाट अरुंद करायची.

'सकाळ'च्या खटल्यात सरकारचा आधार व्यापक जनहिताचा होता आणि अभिव्यक्तीवर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतो हे सांगणाऱ्या घटनेच्या कलम १९ (२) मध्ये ते कारण नाही. काश्मीरमध्ये आधार सुरक्षेचा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा होता आणि ती कारणं त्या कलमात आहेत. हा फरक मोठा आहे, मला मान्य आहे. पण त्याने एवढंच ठरतं की निर्बंध घालता येईल. किती, किती दिवस आणि त्याहून सौम्य मार्ग होता का, याचं उत्तर तरीही द्यावंच लागतं. भसीन निकालाने हेच सांगितलं. नेटवरून बोलणं आणि धंदा करणं यांना घटनेचं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करा, वेळोवेळी फेरतपासणी करा. चांगला निकाल आहे. त्याखाली चार महिन्यांनी काय झालं तेही बघा. ११ मे २०२० ला फोरजीच्या मागणीवर त्याच न्यायालयाने स्वतः निवाडा करायचं टाळलं आणि केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली एक विशेष समिती नेमली. सोबत दूरसंचार सचिव आणि जम्मू-काश्मीरचे मुख्य सचिव. म्हणजे ज्यांच्या निर्णयाबद्दल तक्रार, तेच पंच. समिती स्थापन झाली की नाही हे कळायला अर्जदारांना अवमान याचिका करावी लागली. मग सरकारने सांगितलं की समिती आहे, तिच्या बैठकाही झाल्या आहेत. त्या बैठकांत काय बोलणं झालं, वेग कमी ठेवल्याने कोणता हल्ला टळला, कोणता पर्याय तपासला, यातलं काहीही जनतेपुढे ठेवलं गेलं नाही.

एक विसंगती माझ्या डोक्यातून जात नाही. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट तटस्थता, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक, हे तत्त्व मान्य केलं आणि कंपन्यांच्या परवान्यात अट घातली की कुठलाही मजकूर अडवायचा नाही, त्याचा दर्जा घटवायचा नाही, त्याचा वेग कमी करायचा नाही. देशभर लोकांनी त्यासाठी आवाज उठवला होता, तरुणांनी लाखोंनी ईमेल पाठवले होते. कंपनीने स्वतःच्या फायद्यासाठी वेग कमी केला तर ते ग्राहकाचं नुकसान, हे आपण तेव्हाच लिहून ठेवलं. सरकारने आदेश काढून तेच केलं तर त्याला काय म्हणायचं, हे कुठेच धड लिहिलेलं नाही.

जगात हे हत्यार आवडीने वापरलं जातं, कारण त्याचा आवाज होत नाही. इराणमध्ये २०१३ च्या निवडणुकीआधी नेट संथ झालं होतं आणि ते शांतता राखण्यासाठी होतं, हे तिथल्या मंत्र्यांनीच नंतर मान्य केलं. रशियाने मार्च २०२१ मध्ये ट्विटर संथ केलं. त्यासाठी 'टी डॉट को' हा ट्विटरचा छोटा पत्ता ज्या ज्या नावात येतो ते सगळं पकडलं गेलं, आणि 'मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'सुद्धा त्यात सापडलं! २०२४ मध्ये यूट्यूबची पाळी आली. पान उघडत नाही तेव्हा माणूस आधी फोन बंद करून चालू करतो, मग खिडकीत जाऊन रेंज बघतो, मग कंपनीला शिव्या देतो. सरकारचा नंबर शेवटी लागतो, लागलाच तर. ज्याला हे हवं आहे त्याच्यासाठी याहून सोयीचं काय असेल?

आता तुम्ही काय करू शकता ते.

१९ व्या शतकातल्या तार कायद्याखालचे २०१७ चे नियम गेले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवा तात्पुरत्या स्थगित करण्याचे नवे नियम आले. त्यांत बऱ्या गोष्टी आहेत: आदेश कारणांसकट जाहीर करायचा, एका आदेशाची मुदत १५ दिवसांहून जास्त नाही, पाच दिवसांत फेरतपासणी. पण हे नियम सेवा स्थगित करण्याचे आहेत. सेवा चालू आहे आणि वेग तेवढा पाडला आहे, अशा वेळी 'आम्ही स्थगित कुठे केली?' हे उत्तर तयारच आहे. म्हणून माझी मागणी अशी, की सरकारी आदेशाने नेटचा वेग ब्रॉडबँडच्या सरकारी किमान मर्यादेखाली आणला तर ती सेवा स्थगित केली असंच धरलं जावं, हे नियमांत एका वाक्याने लिहा. आदेशात वेग आकड्यात द्यावा लागेल. 'टूजी' म्हणून सोडून देता येणार नाही. आणि एकामागून एक आदेश काढून १५ दिवसांचं वर्ष करता येणार नाही, अशी एकूण मुदतही घाला.

फेरतपासणी समितीत केंद्रात आणि राज्यांत सगळे सचिवच बसतात. २०२१ च्या डिसेंबरात शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या तुमच्याच स्थायी समितीने सांगितलं होतं की त्यात निवृत्त न्यायाधीश आणि सरकारबाहेरची माणसं घ्या. त्याच अहवालात हेही होतं की देशात किती वेळा, कुठे, किती काळ नेट बंद झालं याची नोंद गृहखातंही ठेवत नाही आणि दूरसंचार विभागही नाही. बंदची नोंद नाही तिथे मंदची कुठून असणार? ती ठेवायला लावा, आणि दर अधिवेशनात सभागृहासमोर ठेवायला लावा.

या कायद्याखाली केलेले नियम दोन्ही सभागृहांपुढे मांडावे लागतात आणि सभागृहांना त्यांत बदल सुचवता येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पक्ष कुठलाही असो, एवढ्या एका वाक्याच्या दुरुस्तीसाठी तुमच्यातल्या दोघा-चौघांनी एकत्र सही केली तरी सुरुवात होईल. ते जमेपर्यंत एक प्रश्न तरी विचारा: २०२० च्या त्या विशेष समितीच्या बैठकांची इतिवृत्तं कुठे आहेत, आणि ती जाहीर करायला आता काय अडचण आहे? लेखी उत्तर आलं की ते मराठीत छापायचं काम माझ्याकडे लागलं.

आपली,
पुण्यातली एक निवृत्त उपसंपादक